सातवा रकाना

फहाहीलच्या त्या दवाखान्यात शवागाराची वही माझ्याकडे होती.
सात छापील रकाने, अरबी, उजवीकडून डावीकडे,
म्हणजे मरणाचं कारण सगळ्यात शेवटी,
पार शिवणीपाशी,
जिथे पेन नीट टेकत नाही.

त्या सात महिन्यांत कप्तान रोज संध्याकाळी यायचा.
सभ्य माणूस. बूट पायपुसण्यावर पुसायचा,
कधी खजुराचा डबा आणायचा,
आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून सांगायचा:
हृदयक्रिया बंद.
मी लिहायचो.
खोटं तरी कसं म्हणू?
हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं.

टेलिफोन एक्स्चेंजमधला मिशारी आला तेव्हा
(आला कसला. आणून टाकला)
जनरेटरमध्ये डिझेल तासाभराचं उरलं होतं.
उजव्या तळहाताला एक भोक होतं, कपाळाला एक.
मी बाणकोटचा. बंदूक पाहिली ती रानडुकरांपुरती.
तरी त्याचा हात उचलला
आणि कपाळासमोर धरून पाहिला.
भोकावर भोक बसलं.
मनगटांवर वळ होते, दोरी मात्र कुणीतरी सोडून नेलेली.

त्या रात्री किराण्याच्या वहीत
तूरडाळ, मेणबत्त्या, उधारीचे अडीच दिनार
यांच्या खाली मराठीत लिहिलं,
कप्तानाला लागणार नाही अशा अक्षरांत:
हात वर केले होते. तरी मारला.
मग पुढचे तेवीस.
कुणाची नखं, कुणाची पाठ,
एकाच्या खिशात शाळेच्या कपाटाची किल्ली.

उम्म मिशारी दुसऱ्या दिवशी आली.
म्हणाली, त्याला हृदयाचं काही नव्हतं रे,
परवाच चार जिने चढून टाकीत पाणी भरलं त्याने.
मी तिच्याकडे न बघता म्हणालो,
वहीत तसंच आहे, खाला.
ती बराच वेळ
माझ्या पेनाकडे बघत उभी राहिली.

बारा वर्षांनी चौकशीवाली बाई आली,
गळ्यात ओळखपत्र, सोबत सांगलीकडचा दुभाष्या पोरगा.
दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी.
पोरगा ‘वळ’पाशी अडला. ‘खुणा’ म्हणाला.
मी म्हटलं, खुणा नको लिहू.
खूण जन्मापासूनही असते.
वळ उठतो, बाबा. कुणीतरी उठवल्याशिवाय उठत नाही.
आणि इथे ‘मेला’ नाही, ‘मारला’ आहे,
नीट वाच.
त्याने खोडून पुन्हा लिहिलं. कान लाल झाले होते त्याचे.

कप्तानाचं काय, मी विचारलं.
बाई म्हणाली, सापडलाय, दुसऱ्या देशात आहे.
म्हणतो, मी फक्त कोठार सांभाळत होतो,
कुणाला आणलं, कुणी आणलं, मला ठाऊक नाही.
म्हणजे हात वर केले त्याने, मी म्हणालो,
आणि दुभाष्या माझ्याकडे बघतच राहिला.
त्याचं भाषांतर त्याने केलं नाही.

मग तिने मोठी वही माझ्याकडे वळवली.
ही सही?
माझी.
आणि ही?
माझी. सगळ्या माझ्याच.
तुम्हाला धमकी होती का, असं तिने हळूच विचारलं,
जणू दार उघडून धरलंय माझ्यासाठी.
होती, म्हटलं. पण खजूर मी खाल्ले.
हे सातव्यातलं खोडू का आता? लाल शाईने?
नाही, म्हणाली. जसंच्या तसं राहू द्या.
खोटं कुणी सांगितलं, कुणी लिहिलं,
दोघांनाही जाब द्यावा लागेल.

बाहेर खारा वारा सुटला होता,
रिफायनरीचा वास त्यात.
कोऱ्या कागदावर माझं नाव घातलं:
मुश्ताक अब्बास वांगडे, नोंदणी कारकून.
शपथेसाठी उजवा हात वर करा, पोरगा म्हणाला.

केला.
किती वर ते कळेना.
खांद्यापर्यंत न्यायचा होता बहुधा,
तो कपाळासमोर जाऊन थांबला.